दारावरचा खडूचा गोल

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या, थर्मामीटर आणि रजिस्टर यांच्या तळाशी खडूचा एक तुकडा असतोच. सतरा वर्षं मी आमच्या गावची आशा सेविका आहे. पोलिओच्या मोहिमेत घरोघरी हिंडायचं, मुलांच्या तोंडात थेंब टाकायचे आणि निघताना दारावर खूण करायची, हे काम मी इतक्या वेळा केलंय की झोपेतही हात चालेल. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की ‘पी’. एखादं राहिलं तर फुली. फुलीच्या घरी दुसऱ्या दिवशी परत जायचं. आमच्याकडे भिंतींना चुना, त्यावर पांढरा खडू दिसत नाही, म्हणून मी खूण दाराच्या फळीवर करते.

ती खूण वाचायला शाळेत जावं लागत नाही. अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्याही लांबून फुली बघून सांगतात की अमक्याकडचं पोर आजोळी गेलंय. मोहीम संपल्यावर माझ्या गावात एकही फुली शिल्लक राहात नाही, याचा मला गर्व आहे. होता म्हणू या.

आमचं गाव मालवणच्या बाजूला, खाडीच्या काठी. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले ती इथलीच झाले, त्यामुळे गावातली सगळी पोरं मला आते म्हणतात. मी तोंडाने फटकळ आहे. गरोदर सुनेला डबल कामाला जुंपणाऱ्या सासूला मी तिच्याच अंगणात उभं राहून बोललेली आहे. माझ्यापासून काही लपवता येत नाही असं लोक म्हणायचे, आणि मीही ते खरं मानून चालले होते.

दोन वर्षांपूर्वी आम्हा आशांना तालुक्याला बोलावून सांगितलं की मुलांच्या मनाच्या आजारासाठी बाई आता गावोगावी येणार. तोवर समुपदेशनाच्या बाई फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी बसायच्या. तिथे जायचं म्हणजे दोन एसट्या आणि अख्खा दिवस. शिवाय त्या खोलीबाहेरच्या बाकावर आपल्याच गावचं कोणीतरी भेटणार ही भीती. मी तोवरच्या पंधरा वर्षांत एकाही मुलाला तिथे पाठवू शकले नव्हते. आता एका मंगळवाराआड बाई गावात येणार, पहिल्यांदा घरी जाऊन भेटणार आणि पुढे दुपारी अंगणवाडीच्या खोलीत बसणार. आमचं काम एवढंच, की दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं आणि कोणाला भेटायची गरज वाटते ते हेरायचं.

ऐकायचं म्हटल्यावर मला हसू आलं. मी बोलणारी बाई.

माझ्या घरासमोरच्या पाणंदीपलीकडे मासे विकणारीचं घर आहे. नवरा होडीवर, ती सकाळी पाटी घेऊन बाजारात. एकच मुलगी, सोळा वर्षांची. रोज एसटीने कसालला अकरावीला जायची, येताना माझ्या दारात थांबून पाणी प्यायची. दिवाळीनंतर ती थांबायची बंद झाली. मग एसटीलाही दिसेना. आई म्हणायची, पित्त झालंय. पुढे म्हणायला लागली, नजर लागली. गुरवाकडून अंगारा आणून झाला. मी गेले तेव्हा ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि केसांचा गुंता झाला होता. ही पोर सणाच्या दिवशी सगळ्या वाडीतल्या मुलींचे केस विंचरून द्यायची.

कसं ते मलाच ठाऊक नाही, पण मी गप्प बसून राहिले. फणी घेतली आणि खालून गुंता सोडवत बसले. बऱ्याच वेळाने ती भिंतीकडे बघतच म्हणाली, “आते, माका काय्येक नको वाटता. सकाळी उठूचाच नको वाटता.”

“कधीपासून गो?”

“म्हायत नाय.” मग भिंतीचा पोपडा खरवडत, “मी नाय ऱ्हवलंय तर आवशीचो त्रास कमी होतलो, असा वाटता.”

माझा हात थांबला. सोळा वर्षांची पोर आईचं ओझं हलकं करायला निघाली होती. मी तिला सांगितलं की एक बाई येणार आहे, तिला हे सांग, ती कोणाला सांगत नाही. ती वळली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“आमच्या घराक येतली? माका खंय जावचा नाय?”

“तुमच्या घराक येतली.”

“मगे येवंदे. पण आते, तू कोणाक सांगू नको हां.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. मग तिलाच विचारून तिच्या आईला बाजारातून आल्यावर हळूच सांगितलं. ती आधी घाबरली, मग पदराने डोळे पुसत हो म्हणाली.

आता माझं शहाणपण ऐका. पहिल्या मंगळवारी माझा उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता, मला बाईंबरोबर फिरता येणार नव्हतं. बाई घाटावरच्या, गाव नवीन. त्यांनी स्टॉपवर उतरून ‘अमक्यांचं घर कुठे’ विचारलं की संपलंच. कोण, कशाला, कोणाकडे, सगळं चर्चेला आलं असतं. मला वाटलं, विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. सोमवारी मी माझा खडू काढला आणि ज्या सात घरांत मूल भेटायला तयार होतं, त्या सात दारांवर, कडीच्या खाली, एकेक गोल काढला. बांगडीएवढा. नाव नाही, अक्षर नाही. बाईंना फोन करून सांगितलं, पाणंदीने चालत राहा, गोल दिसला की आत जा. घरी येताना मी स्वतःवर इतकी खूश होते, की चहात साखर दोनदा घातली.

माझी अक्कल कुठे गेली होती, हे मी आजही स्वतःला विचारते. ज्या गावाला मीच पंधरा वर्षं दारं वाचायला शिकवलं, त्या गावात मी गुपित दारावर लिहिलं.

सोमवारी दुपारीच स्टॉपवर बसणाऱ्या आजोबांनी मला हटकलं. ते आमच्या वाडीतले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ, माझ्या बापाचे मित्र. “ह्यो कसलो डोस गो नवीन? मोठ्या पोरांच्या घराक काढलंस तो?”

प्रत्येक गोष्टीला उत्तर असणारी मी, पिशवी सावरत पुढे निघून गेले. तेच पुरलं. लोकांनी सातही घरं जोडून बघितली. एका घरी नापास झालेला मुलगा, एका घरी बाप दारू पिणारा, एका घरी अंगात येणारी मुलगी, आणि मासे विकणारीची पोर जी दोन महिने कोणाला दिसलेली नाही. तिन्हीसांजेला विहिरीवर गोलाचा अर्थ पक्का झाला होता, डोकं फिरलेल्या पोराचं घर. शाळेतली पोरं ‘गोल, गोल’ करत त्या दारांवरून पळाली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मंगळवारी बाई आल्या तेव्हा दारांवर काही नव्हतं. सातही दारं पुसलेली. त्या कोणालाच न भेटता परत गेल्या. मासे विकणारी बाजारातून आल्यावर पुसलेलं दार पुन्हा नारळाच्या सोडणाने घासताना मी बघितली. हे सगळं कळल्यावर उपकेंद्रातून मी तशीच धावत आले होते. ती मागे वळली नाही.

“माझा चेडू पोलिओचा काय गो? दारार लिवचा काय कारण?”

मी म्हणाले, चुकलं माझं, मी तुझ्या पोरीचं लपवायला गेले आणि...

तेव्हा ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“तुझ्या भावाचा आमी कोणी कधी दारार लिवला काय?”

मी तिथून घरी कशी आले ते मला आठवत नाही.

माझ्या भावाबद्दल मी कधी कोणाशी बोललेली नाही. नवऱ्याशीही नाही. आज लिहिते आहे.

तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मी बारा वर्षांची असताना त्याला काहीतरी झालं. काय, ते नाव आजही मी ठामपणे सांगू शकत नाही, कारण त्याला कधी कोणत्या डॉक्टरला दाखवलंच नाही. तो जेवेना, झोपेना, माडाच्या बुंध्याशी बोलायला लागला. पुढे बोलणंही थांबलं. आधी देवाला गाऱ्हाणी झाली, मग भगत झाले. त्याच वर्षी चतुर्थीला पाहुणे येणार म्हणून त्याला पडवीच्या बाजूच्या खोलीत ठेवलं. पाहुणे गेले, पण तो तिथेच राहिला. आईने मला समोर बसवून शिकवलं, कोणी विचारलं तर काय सांगायचं. मुंबयक गेलो.

आमच्या भागात हे उत्तर कोणाला खटकत नाही. अर्धं गाव मुंबईलाच असतं. मी हुशार होते, नुसतं एवढं सांगून भागवलं नाही. पडवीत बसून शेजारणींना सांगायचे, गोदीत लागलाय, साहेब चांगला आहे, खोलीवर आरोंदा गावचा एक सोबती आहे. चतुर्थीला का नाही आला? रजा नाही मिळाली. मी एकेक गोष्ट रचायचे आणि आई माझ्याकडे कौतुकाने बघायची. पलीकडे फळ्यांची भिंत होती.

एकदा शेजारीण गेल्यावर मी त्याला ताट द्यायला आत गेले. कित्येक महिने तो एक शब्द बोलला नव्हता. त्याने माझ्या हातातून ताट घेतलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “मुंबयत मी बरो आसंय मां गो?”

मी हो म्हटलं.

तो सात वर्षं त्या खोलीत होता. सव्विसाव्या वर्षी काविळीने गेला. अंगणात माणसं जमली तेव्हा कोणीतरी विचारलं, “कधी इलो मुंबयसून?” माझा बाप म्हणाला, “काल इलो.” सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटलं, आम्ही जिंकलो, कोणाला कळलं नाही.

गोल पुसला त्या संध्याकाळी मी बाईंना फोनवर सगळं सांगितलं, म्हणजे चूक सांगितली, भाऊ नाही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, त्या मुलीला एकटं पडू देऊ नका. रोज जा. दार उघडलं नाही तरी जा. आणि तिच्या आईला सांगा, घरातली औषधं आणि दोऱ्या नजरेआड ठेवायच्या. हे टाळू नका.” मी गेले. आईने दारातच ऐकून घेतलं, मान हलवली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. मागच्या खिडकीशी उभी राहून मी आत काय काय सांगायचे. मांजर व्यालंय, पेज करपली, कॉलेजातल्या बाईंनी तुझी आठवण काढली. आतून काही येत नसे.

सातव्या की आठव्या दिवशी मी स्टॉपवर उभी होते. दोन बायका बोलत होत्या. एकीने मासे विकणारीच्या पोरीची चौकशी केली. दुसरी म्हणाली, “ता नाय आता हय. आवस म्हणा होती, मुंबयक गेला. मावशीकडे. थंयच शिकतला.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच सकाळी मी त्या खिडकीशी उभी होते. आत कोणीतरी कूस बदलल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता.

कोणाला दोष देऊ? तिची आई वाईट नव्हती. माझीही नव्हती. मीच गोल काढून तिला या उत्तराकडे ढकललं होतं, आणि या उत्तराला गावात वजन आलं ते माझ्यासारख्यांच्या हुशारीने.

मी एसटीत चढले नाही. घरी आले, पिशवीतून खडू काढला आणि भर सकाळी माझ्या दारावर गोल काढला. बांगडीएवढा नाही, परातीएवढा. घाईत तो धड गोलही आला नाही. मग पायरीवर बसून राहिले.

तासाभरात चार बायका आल्या, मागोमाग काठी टेकत आजोबा. एकीने हसत विचारलं, तुझ्या घरात कुठलं पोर? मी म्हणाले, माझा भाऊ. हसणं थांबलं. मी पाणंदीपलीकडच्या मागच्या खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की तो मुंबईला कधीच गेला नव्हता. गोदी नव्हती, साहेब नव्हता, आरोंद्याचा सोबती नव्हता. या भिंतीमागे सात वर्षं होता. मी खोटं बोलायचे आणि तो ऐकायचा.

बायकांनी खाली बघितलं. आजोबा म्हणाले, “आमका म्हायत होता गो.”

आता माझा तोल गेला. बापाच्या वयाच्या माणसावर मी ओरडले. “म्हायत होता? मगे कोणच कित्या येवक नाय? सात वर्सांत एकदा तरी कोणी येवन तेच्यावांगडा बसाचा होता!”

आजोबांनी काठी बाजूला ठेवली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. “तूच सांगी होतंस मां, तो मुंबयत आसा म्हणान. आमका वाटला, तुमका तसाच व्हया.” त्यांनी खाडीकडे बोट दाखवलं. “तेका मी होडी व्हलवूक शिकवलेली. लय वाटा, येवन बसाचा. पण मुंबयक गेलेल्याक भेटूक येतला कसो?”

मला रडू फुटलं. इतक्या वर्षांचं होतं ते. बायकांपैकी एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला, दुसरी आत जाऊन पाणी घेऊन आली. आजोबा दुपारपर्यंत तिथेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी, आई बाजारात गेल्यावर, ती आली. पाणंद ओलांडायला दहा पावलं लागतात. तिने दुपट्टा डोक्यावरून घेतला होता, अनवाणी होती आणि उजेडाने डोळे मिचकावत होती. पडवीत उभी राहून तिने विचारलं, “आते, तेचा नाव काय होता?”

मी नाव सांगितलं. माझ्या तोंडून ते कितीतरी वर्षांनी निघालं, आणि मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

तिला ती खोली बघायची होती. तिथे आता मी नारळ आणि जुनी भांडी ठेवते. ती आत गेली, फळ्यांच्या भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ बाहेरचे आवाज ऐकत राहिली. “सगळा आयकाक येता हय,” ती म्हणाली. मग विचारलं, “ती बाय हय इली तर? तुझ्या घराक सगळीच येतत. गोळये न्हेवक, बीपी बघूक. कोण कशाक इला ता कोणाक कळाचा नाय.”

पंधरा वर्षं काम करणाऱ्या मला जे सुचलं नाही, ते त्या खोलीत बसून तिला सुचलं. मी तिच्या आईची बाजारातून यायची वाट बघितली आणि तिचे पाय धरले. ती मागे सरली, “ह्यां काय करतंस गो बाय,” म्हणत मला उठवलं आणि माझ्याच गळ्यात पडून रडली. तिला पोर गमवायची नव्हती. कसं राखायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं एवढंच.

मी खोली रिकामी केली, शेणाने सारवली, खिडकीचा गंजलेला अडसर हातोड्याने काढला. बाईंना सांगितलं, अंगणवाडी नको, माझ्याकडे या. त्या येतात. आता शेजारच्या दोन गावांची मुलंही इथेच येतात, आणि त्या गावांच्या आशांना मी पहिल्याच दिवशी सांगते, खडू घरी ठेवा. दारावर गोल आहे तो फक्त माझ्या. पावसाने पुसट झाला की मी पुन्हा काढते. ही सगळी हकीकत मी त्या मुलीला विचारून, तिला वाचून दाखवून लिहिली आहे. एक वाक्य तिने काढायला लावलं, ते काढलं.

पण मला सांगायचंय ते माझ्या घरी बाई पहिल्यांदा आल्या त्या मंगळवारचं. बाई आतल्या खोलीत बसल्या होत्या. मी दारात उभी होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता, कारण समोर आजोबांसकट तीन-चार माणसं पाणंदीत होती आणि आयत्या वेळी ती पोर माघारी फिरेल असं मला वाटत होतं. ती समोरच्या घरातून बाहेर आली. केस विंचरलेले होते. आई मागे दारात पाटीला धरून उभी. घोळक्यातल्या एका बाईने, वाईट मनात काही नसताना, सवयीने विचारलं, “गो, तू मुंबयक गेल्लंस मां?”

आईचा चेहरा उतरला. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, कालच परत आली म्हणायचं. बापाचंच उत्तर. मी ते गिळलं.

ती थांबली. सगळ्यांकडे एकदा बघितलं.

“नाय,” ती म्हणाली. “मी मुंबयक जावक नाय. मी हयच आसंय.”

आजोबांनी काठी आखडून तिला वाट दिली, आणि ती आत गेली.